एबीएसचा दिवा मधूनच का लागतो? जुन्या गाड्यांची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या गॅरेजांत एबीएसची (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) तक्रार घेऊन येणारी जुनी कार बहुधा २००१ ते २०१८ या काळातली असते. भारतात सगळ्या नव्या प्रवासी कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधी ते महागड्या गाड्यांत किंवा वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळायचं. २००१ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. तरी जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुढची कित्येक वर्षं बिनाएबीएसच्याच गाड्या जास्त होत्या. त्यामुळे दिवा लागला की ‘सेन्सर गेला, बदलून टाका’ एवढंच निदान रूढ झालं. ते बऱ्याचदा चुकतं, कारण या अठरा वर्षांतल्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारे दोन वेगळ्या जातींचे सेन्सर आहेत आणि दोघांची दुखणी वेगळी आहेत.

चाक जाम होण्याआधी ब्रेक क्षणभर सोडायचा आणि पुन्हा धरायचा, ही कल्पना विमानांतून आली. डनलॉपची मॅक्सारेट ही यांत्रिक प्रणाली १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांवर होती आणि १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या कारमध्ये ती बसवली गेली. इलेक्ट्रॉनिक्सनं हे काम करायचं तर चारही चाकांचा वेग सतत कळायला हवा. बॉशच्या पहिल्या नमुन्यात जवळपास हजार सुटे भाग होते आणि तेवढे भाग रस्त्यावरच्या धक्क्यांत टिकेनात. डिजिटल सर्किट आल्यावर ती संख्या १४० वर आली आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस विक्रीला आलं.

त्या पिढीचा सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची कॉइल. समोरून दातेरी लोखंडी रिंग फिरते आणि प्रत्येक दातागणिक कॉइलमध्ये थोडा एसी व्होल्टेज तयार होतो. सप्लाय लागत नाही, वायरी दोनच. पण व्होल्टेज वेगावर आणि सेन्सर व रिंगमधल्या फटीवर अवलंबून असतो. फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. ती वाढली की हळू चालताना सिग्नल इतका दुबळा होतो की एबीएसच्या कॉम्प्युटरला ते चाक थांबल्यासारखं वाटतं. मग सिग्नलला किंवा स्पीडब्रेकरला गाडी थांबत आलेली असताना पेडल टर्रर्र करतं आणि गाडी पुढे सरकते. दिवा कधी लागतो, कधी नाही. हा दोष दिव्यापेक्षा वाईट, कारण थांबायचं अंतर वाढतं.

फट वाढते ती बहुतेक गंजानं. नकलमधल्या (चाक धरणाऱ्या लोखंडी भागातल्या) सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो, किंवा एक्सलवरच्या रिंगखाली फुगून रिंगला चीर पाडतो. मराठवाड्याची हवा कोरडी. इथल्याच गाडीला हा त्रास कमी. पण सेकंडहँड घेतलेली मुंबई-ठाण्याची गाडी खारी हवा खाऊन आलेली असते. एमएच-०४ पासिंगच्या गाडीचं चाक काढून रिंग बघितल्याशिवाय सेन्सर मागवू नये.

इथला खास दोष काळ्या मातीचा. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून येताना ती चिकटून दातांमध्ये भरते आणि वाळल्यावर घट्ट बसते. शिवाय सेन्सरच्या वायरीवर गोळा धरून तिला क्लिपमधून ओढते. वायर आतून तुटते, वरचं रबर शाबूत राहतं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की दिवा लागतो, सरळ रस्त्यावर नाही, असं असेल तर आधी ही वायर पाहा.

कॉइलच्या सेन्सरची तपासणी सोपी आहे. कपलर (सेन्सरच्या वायरीचा जोड) काढून मल्टिमीटर २००० ओहमवर लावा. अशा सेन्सरची रीडिंग बहुतेक गाड्यांत ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान येते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. डाव्या-उजव्याची तुलना करा, वायर हलवत रीडिंग बघा, स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून बघा. तांब्याचा रोध ५० अंश तापल्यावर साधारण वीस टक्के वाढतो, म्हणून एक सेन्सर थंड आणि दुसरा गरम असताना तुलना करू नका. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाक हातानं सारख्या वेगानं फिरवा. दर फेऱ्याला एकाच जागी आकडा कोसळत असेल तर रिंगला चीर आहे. सेन्सर बदलून ती जाणार नाही. बैठक पॉलिश पेपरनं लखलखीत करा. अडकलेल्या सेन्सरवर हातोडी मारली तर तो नवाच घ्यावा लागतो.

१९९० च्या दशकाच्या शेवटी दुसरी जात आली. याला कॉम्प्युटरकडून सप्लाय मिळतो, आत छोटं सर्किट असतं आणि सिग्नल साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पायऱ्यांत जातो. वेग जवळपास शून्य असला तरी वाचता येतो. याला ओहममध्ये मोजू नका. आकडा काही सांगत नाही आणि सर्किट बिघडायची भीती असते. दातेरी रिंगच्या जागी बहुतेक वेळा बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं ठोकलं की पट्टी सेन्सरपासून लांब जाते आणि नवं बेअरिंग असूनही दिवा कायम लागतो. बेअरिंग बदलल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत पहिला संशय यावरच घ्यावा.

त्याच दशकाच्या मध्यापासून कॉम्प्युटर हायड्रॉलिक पंपालाच चिकटवला जाऊ लागला. बोनेटखालची उष्णता आणि पंपाचे धक्के सोसून आतल्या सोल्डरच्या जोडांना बारीक तडे जातात. सकाळी गाडी ठीक, बीड-लातूर अशा लांब पल्ल्यात तापली की दिवा, थांबल्यावर पुन्हा गायब. आपल्याकडे चाळिशीपार उन्हाळ्यात हे जास्त दिसतं. सोल्डर पुन्हा करून देणारे कारागीर असतात, पण त्याआधी युनिटची अर्थिंग तपासा. पंप चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्ह आणि युनिटच्या अर्थमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष वायरीत आहे. थकलेली बॅटरी आणि एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर हेही आधी वगळावं.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतो. एबीएसच्या सी-कोडसाठी (सी अक्षरानं सुरू होणाऱ्या दोषांच्या कोडसाठी) त्या गाडीचं एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो, आणि त्यावर चारही चाकांचा वेग एकत्र बघत रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवली तर दगा देणारं चाक लगेच सापडतं.

एकटा एबीएसचा दिवा असेल तर साधा ब्रेक चालू असतो. त्याच्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारी यंत्रणाही बंद असू शकते. गाडी तशीच दामटू नये. आणि सेकंडहँड गाडी घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो का ते पाहा. तो लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलेला आहे, हे धरून चाला.