विषय राहिलाय आणि परदेशातली इलेक्टिव्ह पण ठरलीय: पात्रता, कागदपत्रं आणि कशानंतर काय करायचं

मेडिकलच्या शेवटच्या वर्षांत एखादा पेपर गेला किंवा ओएससीई (स्टेशनांवर फिरून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) राहिली की निकालाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न डोक्यात येतोच, की आता बाहेरच्या इलेक्टिव्हचं, म्हणजे परदेशातल्या हॉस्पिटलात थोडे आठवडे शिकायला जाण्याचं काय, गेली ना ती. बहुतेक वेळा जात नाही. नुसतं नापास झाल्यामुळे अर्ज बाद होतो असं फार कमी ठिकाणी असतं, अर्ज अडकतो तो तारखांमुळे, म्हणजे रीएक्झाम नेमकी इलेक्टिव्हच्या आठवड्यांत येते, नाहीतर कॉलेजचं पत्र वेळेत निघत नाही, नाहीतर फॉर्ममध्ये एक लिहिलेलं असतं आणि मार्कशीट दुसरंच सांगते. त्यामुळे कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे नीट लावलं की अर्धी लढाई तिथेच होते.

आधी निकालाचं बघू, कारण ते न निस्तरता फॉर्म भरायला बसलात तर दोन्ही अर्धवट राहणार. निकाल लागल्यावर एक-दोन दिवस काहीच ठरवू नका, होस्टला (जिथे जाणार त्या हॉस्पिटलला) मेल नको, तिकीट कॅन्सल नको, ग्रुपवर मोठा मेसेज तर अजिबात नको. झोपा, जेवा, एका माणसाशी बोला. मग कॉलेजकडून निकालाचा तपशील मागा, नुसता एकूण स्कोअर नाही तर कुठल्या भागात किती, ओएससीई असेल तर कुठली स्टेशन गेली आणि परीक्षकांचा शेरा काय. खूप कॉलेजांत ओएससीईला दोन अटी असतात, एकूण मार्क पण हवेत आणि ठरावीक संख्येची स्टेशन पण पास हवीत, त्यामुळे चांगले मार्क असूनही माणूस नापास होतो आणि त्याला कळतच नाही का ते. हिस्टरी घेण्यात गेलं, प्रोसिजरमध्ये गेलं की पेशंटशी बोलण्यात गेलं यावर पुढची तयारी अवलंबून आहे, आणि बाहेर जाऊन काय करायचं आणि काय नाही हे पण.

अपील करायचं असेल तर मुदत छोटी असते, ती आधी बघा. पण एक गोष्ट लक्षात असू द्या, परीक्षकाने कमी मार्क दिले या कारणावर अपील सहसा चालत नाही, प्रक्रियेत गडबड झाली किंवा तब्येत, घरचा मृत्यू असं काही गंभीर कारण होतं आणि त्याचे कागद आहेत, तरच ते पुढे सरकतं. आणि हे कारण पण बऱ्याच ठिकाणी परीक्षेच्या आधीच कळवायचं असतं, एकदा परीक्षेला बसलात की तुम्ही बसण्याइतके ठीक होतात असं धरलं जातं. नियम कडक वाटतो, पण रीएक्झामच्या वेळी तरी उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो. दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, काही खावंसं वाटत नाही, जगण्यातच अर्थ वाटत नाही असं होत असेल तर हा अर्ज बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे पण थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. मेडिकलची मुलं इथेच सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात.

आता पात्रता. इलेक्टिव्ह म्हणजे तुम्ही अजून आपल्या कॉलेजचे विद्यार्थी असता आणि थोड्या आठवड्यांसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात शिकायला जाता. ऑब्झर्व्हरशिपमध्ये फक्त बघायचं असतं, पेशंटला हात नाही. डिग्री झाल्यानंतर जे करतात त्याला ब्रिटनमध्ये क्लिनिकल अटॅचमेंट म्हणतात. हे तिन्ही वेगळे आहेत आणि फॉर्म पण वेगळे, तर होस्टच्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. इलेक्टिव्हला साधारणपणे क्लिनिकल वर्षं सुरू झालेली हवीत, मेडिसिन-सर्जरीसारख्या मुख्य पोस्टिंग झालेल्या हव्यात आणि कॉलेजचं गुड स्टँडिंगचं पत्र हवं. सगळं येऊन अडतं ते या पत्रावर. त्याचा अर्थ प्रत्येक कॉलेजात सारखा नसतो, काही ठिकाणी फक्त शिस्तभंगाची कारवाई नाही एवढाच अर्थ असतो, मग विषय राहिला तरी पत्र मिळतं, आणि काही ठिकाणी अॅकॅडमिक प्रोबेशनवर (अभ्यासात मागे पडल्यामुळे देखरेखीखाली) असाल तर पत्र देतच नाहीत. म्हणून सगळ्यात आधी डीन ऑफिसला मेल करा, तोंडी विचारू नका, आणि तीनच गोष्टी विचारा: रीएक्झामची तारीख काय, तिचा निकाल कधी, आणि त्या निकालाच्या अटीवर आत्ता पत्र मिळेल का. अट घालून मंजुरी देणं ही नेहमीची गोष्ट आहे, विचारलं नाही तर मात्र कुणी आपणहून देत नाही.

उत्तर येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका. तिकीट नको, राहायच्या जागेचं डिपॉझिट नको, होस्टची फी पण नको. रीएक्झाम इलेक्टिव्हच्या मधोमध येत असेल तर होस्टला सरळ विचारा की पुढच्या तुकडीत ढकलता येईल का. तारीख बदलून मागितली तर ते ऐकतात, पण ऐनवेळी न येणारा विद्यार्थी त्यांना नको असतो आणि त्याचा फटका तुमच्या कॉलेजातल्या पुढच्या मुलांना बसतो.

नापास झालेलं सांगायचं की लपवायचं? सांगायचं, पण विचारलं तिथेच आणि विचारलं तेवढंच. लपवून तसाही उपयोग नाही कारण ट्रान्सक्रिप्टवर ते असतंच. अमेरिकेत डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी द्यायच्या यूएसएमएलईचं बघा, स्टेप १ चा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा फेल असा येतो, पण ट्रान्सक्रिप्टवर आधीचे सगळे प्रयत्न दिसतात, आणि एका स्टेपला जास्तीत जास्त ४ प्रयत्न मिळतात. ब्रिटनच्या प्लॅबला (परदेशी डॉक्टरांना तिथे काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) पण ४ प्रयत्नांची मर्यादा आहे, तर पुढे तिकडेच जायचा विचार असेल तर घाईघाईत प्रयत्न खर्च करू नका. अर्जातल्या निवेदनात नापास झाल्याबद्दल दोन-तीन वाक्यं पुरतात, कुठल्या भागात गेलं, त्यानंतर काय केलं, रीएक्झाम कधी आहे किंवा झाली. पानभर दुःख लिहू नका, आणि या अपयशाने मला घडवलं वगैरे तर नकोच, वाचणाऱ्याने ते फार वेळा वाचलेलं असतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांचे अर्ज एएएमसी या तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या व्हीएसएलओ या पोर्टलवरून जातात, त्यात तुमचं कॉलेज सहभागी असावं लागतं, नसेल तर थेट अर्ज घेणारी ठिकाणं शोधावी लागतात. इतर देशांत बहुतेक हॉस्पिटलच्या शिक्षण विभागाकडे किंवा युनिव्हर्सिटीच्या इलेक्टिव्ह ऑफिसकडे अर्ज जातो. कागद साधारण तेच असतात. सहा महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, डीनचं पत्र, ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, एक-दोन शिफारसपत्रं, भाषेचा पुरावा लागत असेल तर तो, पोलिसांचा चारित्र्य दाखला, लसीकरणाचा फॉर्म, इन्डेम्निटी (कामात चूक झाली तर भरपाईच्या दाव्यापासूनचं संरक्षण) आणि प्रवास विमा. शिफारसपत्र मागताना ज्या सरांच्या किंवा मॅडमच्या विषयात राहिलात त्यांना टाळायलाच हवं असं नाही. त्यांनी नंतर तुमची मेहनत पाहिली असेल तर त्यांचं पत्र उलट जास्त वजनदार ठरतं, फक्त आधी विचारून घ्या की ते मनापासून चांगलं लिहू शकतील का.

लसींचा फॉर्म सगळे शेवटी भरतात आणि तिथेच अडकतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, नंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटी-एचबीएस (लस लागू पडल्याची अँटिबॉडी) १० किंवा त्याहून जास्त आहे हे दाखवावं लागतं, म्हणजे सुरुवातच केली नसेल तर सात-आठ महिने गेले. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस, कांजिण्यांची लस किंवा अँटिबॉडी रिपोर्ट, आणि टीबीची तपासणी. यातलं एक गणित खूप जणांचं चुकतं: एमएमआर, कांजिण्या आणि पिवळ्या तापाची लस या जिवंत लसी आहेत, त्या एकतर एकाच दिवशी घ्यायच्या नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे, आणि टीबीची स्किन टेस्ट एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची, नाहीतर पुन्हा चार आठवडे थांबा. पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या पिवळ्या बुकलेटवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी.

मलेरियाच्या भागात जाणार असाल तर गोळी कुठली हे डॉक्टरला विचारताना आत्ताची मनस्थिती सांगाच. मेफ्लोक्विन ही आठवड्यातून एकदाची गोळी सोयीची वाटते, पण डिप्रेशन किंवा अँग्झायटी आहे किंवा पूर्वी झाली होती अशांना ती देत नाहीत, आणि नुकतंच नापास होऊन झोप उडालेल्या माणसाने हे न सांगता ती घेणं धोक्याचं. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. स्वतःची औषधं चालू असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या, आणि त्या देशात ती चालतात का ते आधी बघा. जपानमध्ये अॅम्फेटामिन असलेली एडीएचडीची औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात. ब्रिटनला स्टँडर्ड व्हिजिटरवर मेडिकल, डेंटल आणि व्हेटर्नरी विद्यार्थ्यांना इलेक्टिव्ह करता येते, पण पगार नाही आणि पेशंटवर उपचार नाही, आणि होस्ट संस्थेचं लेखी पत्र लागतं. अमेरिकेत परदेशी कॉलेजच्या विद्यार्थ्याला मेडिकल स्कूलच्या हॉस्पिटलात बिनपगारी इलेक्टिव्हसाठी बी-१ मिळतो, साधा पर्यटनाचा बी-२ काढून जाऊ नका. विमानतळावर विचारलं की कशासाठी आलात तर फिरायला असं सांगायचं, हा सल्ला सीनियर लोक अजूनही देतात, ऐकू नका, होस्टचं पत्र हातात ठेवा आणि खरं सांगा.

इन्डेम्निटीचं पत्र मागताना देश आणि कामाचं स्वरूप दोन्ही लिहा, कारण विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांमध्ये अमेरिका बऱ्याचदा वगळलेली असते आणि तिथे वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. प्रवास विम्यात हॉस्पिटलात काम करताना झालेली इजा धरली आहे का आणि आजारी पडल्यास परत आणायचा खर्च आहे का हे दोन मुद्दे वाचा, बाकी सामान हरवणं वगैरे नंतर. सुई टोचली तर काय, हे पण होस्टला निघायच्या आधीच विचारा. एचआयव्हीची पीईपी औषधं (संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची) ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, आणि लहान हॉस्पिटलात ती मिळतीलच असं नाही. काही कॉलेजं सुरुवातीचे डोस बरोबर देतात.

एक कुठल्याही फॉर्मवर नसलेली गोष्ट. प्रोसिजरच्या स्टेशनमध्ये नापास झालेला विद्यार्थी कधी कधी म्हणतो की बाहेर हात साफ करून घेतो, तिकडे डॉक्टर कमी आहेत, करू देतात. तिकडचा पेशंट सराव करायला नाही. आपल्या कॉलेजात देखरेखीशिवाय जे करायची परवानगी नाही ते बाहेर पण करायचं नाही, आणि कुणी आग्रह केला तर हे मी अजून शिकतोय, तुम्ही शेजारी उभे राहा असं सांगायचं. शिवाय तिथे काही बिघडलं तर इन्डेम्निटीवाले पहिला प्रश्न हाच विचारतील. अभ्यासाचं म्हणाल तर इलेक्टिव्हनंतर रीएक्झाम असेल तर तिथे रोज तास-दीड तासच धरा, जास्त ठरवलं तर ना पोस्टिंग होते ना अभ्यास, आणि घरच्या किंवा कॉलेजच्या एका माणसाशी आठवड्यातून एकदा बोलायची वेळ ठरवून ठेवा, परक्या देशात एकटं बसून निकाल पुन्हा पुन्हा उगाळला जातो.

निघताना होस्टच्या सुपरवायझरची सही आणि शिक्का लॉगबुकवर आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर तिथेच घ्या, परत आल्यावर मेलने मागवायला महिने जातात आणि तोपर्यंत तुमची इलेक्टिव्ह कॉलेजच्या रेकॉर्डवर अपूर्णच दिसते. टीबी जास्त असलेल्या वॉर्डात काम केलं असेल तर परतल्यावर साधारण आठ ते दहा आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करायची असते, कॉलेजच्या ऑक्युपेशनल हेल्थला (कर्मचारी-विद्यार्थ्यांची तब्येत बघणारा विभाग) ती तारीख निघायच्या आधीच देऊन ठेवा.