जिनसेंगची साखर उतरवणारी अळंबी

कोरियात जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या मुळाची किंमत बरीचशी त्याच्या वयावर ठरते. शेतात आडोशाची सावली करून हे रोप चार ते सहा वर्षे जपतात आणि सहा वर्षांच्या मुळाला जास्त मान असतो. मात्र इतक्या वर्षांत मुळात जी गुणकारी द्रव्ये साठतात, त्यांतली बरीचशी आपल्या शरीरात जशीच्या तशी शोषलीच जात नाहीत.

या द्रव्यांना जिनसेनोसाइड म्हणतात. रेणूचा गाभा स्टेरॉइडसारखा तेलकट असतो आणि त्याला बाहेरून साखरा जोडलेल्या असतात. त्यांतला एक मुबलक रेणू म्हणजे आरबी-१. त्याच्या गाभ्यावर तिसऱ्या आणि विसाव्या कार्बनला ग्लुकोजची एकेक जोडी असते, म्हणजे एकूण चार ग्लुकोज. रेणुभार सुमारे १,१०९. एवढा बोजड आणि पाण्यातच रमणारा रेणू आतड्याच्या पेशींचे तेलकट आवरण सहसा ओलांडत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. तिथले जिवाणू एकेक करून तीन ग्लुकोज तोडतात आणि सुमारे ६२३ रेणुभाराचा ‘कंपाउंड के’ तयार होतो. रक्तात सापडतो तो मुख्यतः हाच, तोही मूळ खाल्ल्यावर कित्येक तासांनी. ताज्या मुळात तो जवळपास नसतोच! म्हणजे जिनसेंग खाणारा माणूस खरे तर आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्या भरवशावर असतो, आणि ते जिवाणू प्रत्येकाचे वेगळे.

मग साखरा आधीच बाहेर का तोडू नयेत? मूळ वाफवून लाल जिनसेंग करण्याच्या जुन्या रीतीत काही अंशी हेच घडते. पण उष्णता आणि आम्ल विसाव्या कार्बनवरच्या साखरा आधी उडवतात, त्यामुळे हाती येतो आरजी-३ हा वेगळा रेणू. कंपाउंड केसाठी नेमके उलटे हवे: तिसऱ्या कार्बनवरची जोडी पूर्ण जायला हवी आणि विसाव्यावरचे एक ग्लुकोज शाबूत राहायला हवे. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. नुसत्या जाळाने न साधणारी ही निवड एन्झाइम, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, करू शकते.

असे एन्झाइम बाळगून असतात लाकूड कुजवणाऱ्या अळंब्या. लाकडातले सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. ती पचवताना शेवटी उरलेले ग्लुकोजचे जोड फोडायला अळंबी बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम बाहेर सोडते. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढते तीही अशाच एन्झाइमांच्या जोरावर. जिनसेनोसाइडमधल्या ग्लुकोजचे बंध त्याच जातीचे असल्याने हे एन्झाइम तिथेही चालते. गॅनोडर्मा, फेलिनस, आर्मिलारिया अशा अळंब्यांवर या दृष्टीने काम झाले आहे. कधी एन्झाइम वेगळे काढून अर्कात मिसळतात, तर कधी जिनसेंगच्या भुकटीवर सरळ कवकजालच, म्हणजे अळंबीच्या तंतूंचे जाळेच, वाढवतात.

काम कुठवर आले हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसते. मिश्रणाचे थेंब सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीच्या तळाशी लावून पट्टी द्रावकात उभी करतात. नंतर तिच्यावर पातळ सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवली की जांभळट ठिपके उमटतात. आरबी-१ खाली रेंगाळतो. एक ग्लुकोज गेले की आरडी थोडा वर, दुसरे गेले की एफ-२ आणखी वर, आणि तिसरे गेल्यावर कंपाउंड के त्यांच्याही वर. वेगवेगळ्या वेळी काढलेले नमुने शेजारी शेजारी लावले, तर खालचा ठिपका फिकट होत जातो आणि वरचा गडद.

अशा साखर उतरवलेल्या जिनसेंगला ‘अधिक क्रियाशील’ म्हणतात, पण या शब्दांचा अर्थ जपून घ्यायला हवा. आंबवलेल्या लाल जिनसेंगमधून कंपाउंड के रक्तात लवकर पोहोचतो, हे कोरियातल्या स्वयंसेवकांवर दिसले आहे. दाह आणि रक्तशर्करा यांवरच्या परिणामांचा पुरावा मात्र बहुतांशी पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतला आहे. जे जास्त शोषले जाते ते औषधांशीही जास्त झगडू शकते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही घेऊ नये. आणि ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून विकली जाणारी अश्वगंधा वांग्या-टोमॅटोच्या कुळातली आहे. तिच्यात जिनसेनोसाइड नसतात, त्यामुळे यातले काहीही तिला लागू होत नाही.

संशोधकांपुढे आणखी एक अडचण आहे. आरबी-२ आणि आरसी या आरबी-१च्या भावंडांच्या विसाव्या कार्बनवरच्या जोडीत टोकाला ग्लुकोजऐवजी अरॅबिनोज ही वेगळी साखर असते. ते बीटा-ग्लुकोसिडेजला सहसा तुटत नाही, त्याला वेगळे एन्झाइम लागते. शुद्ध केलेल्या एकाच एन्झाइमपेक्षा अळंबीचा अख्खा अर्क पुष्कळदा सरस ठरू शकतो तो यामुळेच, कारण लाकडातल्या नाना तऱ्हेच्या साखरा तोडणारी एन्झाइमे त्यात एकत्र असतात.