प्लीज, जॅझचा सोलो म्हणजे रागविस्तार नव्हे

मुंबईत एनसीपीएला जॅझचा कार्यक्रम असू दे नाहीतर एखाद्या बारमध्ये शनिवारी रात्री वाजवणारा चौघांचा बँड, ब्रेकमध्ये मराठी मंडळी जमली की कोणीतरी हे वाक्य टाकतंच: "आपल्यासारखंच आहे हो त्यांचं, सुचेल तसं वाजवत जायचं." बाकीचे माना डोलावतात, आणि एकजण अजून पुढे जाऊन सांगतो की शेवटी सगळं रागातूनच आलंय. मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, पण एकदा नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

रागाचं तुम्हाला मी काय सांगणार? डिसेंबरात शाल गुंडाळून सवाईला बसणाऱ्या लोकांना बढत म्हणजे काय हे सांगणं आगाऊपणा होईल. तानपुरा लागला, सा ठरला, तो शेवटपर्यंत हलत नाही. रागाने कोणते सूर घ्यायचे, कोणते टाळायचे, कुठे थांबायचं हे ठरवलेलं असतं, खाली ताल फिरत असतो, आणि गवई एकेक सूर उघडत वर चढतो. भूपात निषाद लागला तर तो चुकलाच, पहिल्या मिनिटाला लागो की पन्नासाव्या. एवढंच लक्षात ठेवा, पुढे याचीच गरज आहे.

आता जॅझ. बँड आधी एक धून वाजवतो, तिला ते हेड म्हणतात. ही धून बऱ्याचदा जुन्या ब्रॉडवेच्या नाटकातल्या किंवा सिनेमातल्या गाण्याची असते, आणि तिची लांबी पक्की असते. नेहमीचा साचा ३२ बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट): आठ बारचा एक तुकडा, तोच परत एकदा, मग आठ बारचा वेगळा तुकडा ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिला तुकडा पुन्हा. चार मात्रांचा एक बार धरला तर १२८ मात्रा झाल्या, म्हणजे तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. ब्लूज हा दुसरा साचा असेल तर १२ बार, ४८ मात्रा, तीन आवर्तनं. ही एक पूर्ण फेरी म्हणजे एक कोरस. धून संपली की सॅक्सोफोनवाला सोलो सुरू करतो, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो, आणि इथेच लोकांना वाटतं की आता गाणं सुटलं, आता मोकळं रान. अजिबात नाही. धून वाजायची थांबली, पण तिच्याखालचे कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सुरांचे गट, त्याच क्रमाने, त्याच बारला, तितक्याच मात्रा, फेरीमागून फेरी चालूच आहेत, पियानोवाला आणि बासवाला ते सोडत नाहीत. सॅक्सवाल्याचे चार कोरस झाले याचा अर्थ ते अख्खं गाणं खालून चार वेळा वाजून गेलं, फक्त त्याची चाल कोणी वाजवली नाही.

"म्हणजे आवर्तनच झालं ना," असं म्हणून लोक इथे घसरतात. नाही झालं. तीनतालाच्या सातव्या मात्रेवर कुठला सूर यावा हे ताल सांगत नाही. मात्रा सुरांच्या बाबतीत रिकाम्या असतात, रागात चालणारा कुठलाही सूर तिथे येऊ शकतो. कोरसमधला सातवा बार मात्र रिकामा नसतो, त्याचा स्वतःचा कॉर्ड असतो आणि आठव्याचा बहुतेक वेळा वेगळा. आणि कॉर्ड बदलला की तुमच्या हातातल्या सुराचा अर्थच बदलतो.

ही वाचून पटणारी गोष्ट नाही, करून बघा. घरी पेटी असेल तर जमणार नाही कारण डावा हात भात्यावर अडकलेला असतो, मुलांचा कॅसिओ काढा. उजव्या हाताने सा दाबून धरा, सोडू नका. डाव्या हाताने सा-ग-प दाबा: तुमचा सा घरी बसलाय, निवांत. आता डाव्या हाताने म-ध-सा: वरचा सा तोच, पण आता तो मध्यमाचा पंचम झालाय. मग कोमल धैवत, सा आणि कोमल गंधार: आता तोच सा कोमल धैवताचा गंधार झाला, एकदम उजळ वाटायला लागतो. शेवटी रे, तीव्र म, ध आणि सा: आता तो रिषभाचा कोमल निषाद आहे, आणि त्याला तिथे राहवत नाही, खाली शुद्ध निषादाकडे घसरायची घाई झालीय, तुमच्याही कानाला ते जाणवेल. बोट हललं नाही, सूर बदलला नाही, तरी चार वेळा चार वेगळ्या गोष्टी ऐकू आल्या. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हेच समजायला सगळ्यात जड जातं, कारण आपल्याकडे सगळं काही त्या एका सा च्या नात्याने ऐकायची सवय आहे, आणि इथे नातं दर एक-दोन बारला बदलतंय. म्हणून जॅझमध्ये तिसऱ्या बारला कानाला टोचणारा सूर पाचव्या बारला सगळ्यात गोड लागू शकतो. चांगला सोलोवाला याच्याशीच खेळतो, एखादा सूर धरून ठेवतो आणि खालचा कॉर्ड येऊन त्याला बरोबर ठरवेपर्यंत वाट बघतो. भूपातल्या निषादाला अशी सोय नाही.

ऐकताना हे पकडायचं कसं? माझं मत एकदम पक्कं आहे: सोलोवाल्याकडे बघू नका, बास ऐका. बासवाला बहुतेक वेळा दर मात्रेला एक सूर टाकत चालत असतो आणि कॉर्ड कुठे बदलला हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही. मनातल्या मनात मूळ धून गुणगुणत राहा, सॅक्सवाला कितीही लांब गेला तरी. ब्रिज आला की खालचा रंग बदलतो, आठ बार संपत आले की ड्रमर जरा काहीतरी वळण घेतो, आणि कोरसच्या टोकाला तो बहुतेक वेळा सिंबलवर टेकू देतो. दोन-तीन कोरस असे सापडले की एकदम कळतं की हा माणूस भटकत नाहीये, तो एका गाण्याच्या आतल्या खोल्यांमधून चाललाय. यासाठी क्लब बरा, लहान जागा, बास अंगावर येतो. मोठ्या फेस्टिव्हलला साउंडवाले बासचा नुसता गडगडाट करून टाकतात आणि मग लोकांना सॅक्स सोडून काहीच ऐकू येत नाही, आणि नुसता सॅक्स ऐकला तर तो आलापासारखा वाटणारच की.

इथे कोणीतरी माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याचं नाव काढतो. काढायलाच पाहिजे, कारण घोटाळ्याचं मोठं कारण तिथेच आहे. त्याचं २ मार्च १९५९ ला रेकॉर्ड झालेलं 'सो व्हॉट' घ्या. त्यात कॉर्ड्सची पळापळ नाही, एकाच सुरावलीवर सोळा बार काढायचे, आणि त्या सुरावलीत गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे सरळ आपल्या काफी थाटाचे सूर. झालं, "बघा, राग!" अहो पण पुढे ऐका ना. सोळा बार झाले की सगळाच्या सगळा काफी अर्धा सूर वर चढतो, सा सकट, आठ बार तिथे राहतो आणि मग परत खाली. काफी गाताना गवयाने मध्येच असा सा उचलला तर तानपुरेवाले काय करतील याची कल्पना करा. म्हणजे जॅझ रागाच्या जास्तीत जास्त जवळ आलं त्या जागीसुद्धा ३२ बारचा साचा आणि हलणारा सा दोन्ही शाबूत आहेत.

बरं त्या रेकॉर्डवर टेनर सॅक्सोफोन कोणाचा? जॉन कोलट्रेनचा. ज्याने पुढे रविशंकरांच्या नावावरून मुलाचं नाव रवी ठेवलं, तोच. हा किस्सा सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोलट्रेनचं नाव कोणी घेत नाही. पण याच माणसाने 'सो व्हॉट' नंतर दोनच महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, सोळा बारमध्ये २६ कॉर्ड, तेही जोरदार लयीत, सा तीन ठिकाणी उड्या मारतोय, आणि टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवाला सोलोमध्ये चाचपडताना रेकॉर्डवर ऐकू येतो. हे रागविस्ताराच्या अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. पण रवीचा किस्सा सांगणाऱ्यांना हे सांगितलं की विषय बदलतात.

मुंबईत हा गोंधळ जरा जास्तच का, तर त्याला इतिहास आहे. सुरुवात तशी नव्हती. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या अमेरिकन जॅझवाल्याचा बँड ताजमध्ये वाजवायला आला, त्यांच्या पाठोपाठ पियानोवाला टेडी वेदरफर्ड, आणि त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून तयार झाले आपले गोंयकार, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही मंडळी. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेली माणसं ही, कॉर्ड त्यांच्या हाताखाली होते. संध्याकाळी चर्चगेट स्ट्रीटच्या रेस्टॉरंटांत वाजवायचं आणि दिवसा सी. रामचंद्रांसारख्यांकडे सिनेमाचं रेकॉर्डिंग. (जाता जाता: जुन्या हिंदी गाण्यात ट्रम्पेट वाजला म्हणजे जॅझ नव्हे. त्यातलं बहुतेक सगळं कागदावर लिहिलेलं असायचं, वाजवणारा जॅझवाला असला तरी.) त्या काळच्या ऐकणाऱ्यांना कोणी हे 'आपल्या रागासारखं' आहे असं सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

मग १९७८ ला निरंजन झवेरींचा जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्यावर. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा बडा सॅक्सोफोनवाला. माझ्या मते या शहरात झवेरींइतकं मोठं काम जॅझसाठी कोणी केलं नाही. पण जॅझवाले आणि आपले शास्त्रीय वाजवणारे एका स्टेजवर बसवायची हौस तेव्हापासून जी लागली ती लागलीच, रंगभवन सायलेन्स झोनमध्ये गेलं तरी सुटली नाही, आणि आता ३० एप्रिलला इंटरनॅशनल जॅझ डे म्हणून काही लावलं की सतार किंवा तबला हवाच असं झालंय. माझी तक्रार फ्यूजनवर नाही, शक्ती हा फ्यूजन बँड मलाही आवडतो. तक्रार अशी की ते ऐकून लोक जॅझबद्दल निष्कर्ष काढतात. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा, रागाला लावलेल्या असतात, दर दोन बारला सा बदलला तर त्या कुठे बदलणार? म्हणून एकत्र वाजवायचं तर बहुतेक वेळा जॅझवालाच आपले कॉर्ड बाजूला ठेवून एका सा वर येऊन बसतो. पाहुणा आपल्या घरी येऊन आपल्या पद्धतीने जेवला आणि आपण ठरवलं की त्याच्या घरीही हेच शिजतं, असला प्रकार आहे हा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे 'सवाल-जवाब'. सॅक्स चार बार वाजवतो, ड्रमर चार बार, परत सॅक्स चार, आणि समोरून "वा, सवाल-जवाब!" त्याला ट्रेडिंग फोर्स म्हणतात, आणि त्यात ड्रमरने सॅक्सची नक्कल करायची अशी काही अट नाही. सवाल-जवाबात मजा ही की सतारीने टाकलेला तुकडा तबल्याने हुबेहूब काढला का. इथे मजा ही की दोघं मिळून तोच ३२ बारचा कोरस वाटून घेतायत, आणि ड्रमरच्या चार बारांत कॉर्ड कोणी वाजवत नसलं तरी ते निघून गेलेले असतात. ड्रमचा मोठा सोलो असेल तर तसंच. आपल्या तबला सोलोला लेहरा असतो, आवर्तन कुठे आहे ते पेटी सांगत राहते. इथे बऱ्याचदा सगळे हात खाली ठेवून उभे, ड्रमर एकटा, आणि ३२ बार सगळ्यांच्या डोक्यात चालू. मग एकदम सगळे बरोबर एकावर येऊन पडतात. त्याला समेवर येणं म्हणा हवं तर, तिथे मी भांडणार नाही.

बाकीचे फरक किरकोळ. आपल्याकडे लय वाढत जाते, त्यांच्याकडे पहिल्या बारची लय शेवटपर्यंत, वाढली तर ड्रमरला बोलणी बसतात. त्यांच्या समोर कागद दिसला तर नाक मुरडू नका, त्यावर धून आणि कॉर्ड असतात, सोलो नसतो. प्रत्येक सोलोनंतर मध्येच टाळ्या वाजवणं तिकडे रीतच आहे, वाजवा. पण लयीत टाळ्या धरायच्या असतील तर बारच्या दोन आणि चार मात्रेवर हो, एक आणि तीनवर नको, हाय-हॅट (ड्रमरच्या पायाने मिटणारी झांजांची जोडी) दोन-चारवरच मिटत असते, तिचं ऐका, भजनाला बसल्यासारखं हॉलभर एक-तीन सुरू झालं की स्टेजवरच्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

आणि सोलो संपवताना कोणी डोक्याला बोट लावलं तर त्याचं डोकं दुखत नाहीये, तो बाकीच्यांना हेड म्हणजे धून परत घ्यायला सांगतोय. तेव्हा कृपा करून शेजाऱ्याला "अरे, हे तर मघाचंच गाणं परत आलं" असं सांगू नका. मधली दहा मिनिटंही तेच चालू होतं.