परसबागेचे प्राण्यांपासून संरक्षण

परसबागेचे प्राण्यांपासून संरक्षण : घराभोवतीच्या जागेत, गच्चीवर किंवा कुंड्यांत लावलेला भाजीपाला खार, उंदीर, ससा, हरीण, पक्षी, गोगलगाय अशा जीवांनी फस्त करू नये म्हणून योजलेले उपाय. शेतात दहा रोपे गेली तर कळतही नाही. परसातल्या वाफ्यात मुळात दहाच रोपे असतात, एका रात्रीत सगळे संपते. त्यातच बाग घराला लागून असल्याने विष किंवा सापळा लावला तर लहान मुले आणि पाळीव जनावरे यांना धोका असतो. म्हणून परसबागेत भरवशाचा उपाय एकच, तो म्हणजे अडथळा. बाकीचे उपाय त्याच्या जोडीला ठेवावेत.

आधी कोण खाऊन जाते ते ओळखावे लागते, नाहीतर जाळीचा खर्च वाया जातो. सशाचे पटाशीचे दात धारदार असतात; त्याने खाल्लेले कोवळे देठ कात्रीने तिरपे छाटल्यासारखे दिसते. हरणाला वरच्या जबड्यात पटाशीचे दातच नसतात. ते पाला खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत धरून ओरबाडते, त्यामुळे देठाचे टोक फाटलेले राहते आणि त्याला धागे लोंबतात. फळावर दातांच्या जोडरेघा असतील तर उंदीर किंवा खार, चोचीचे खोलगट भोक असेल तर पक्षी. खार दिवसा हिंडते, उंदीर मुख्यतः रात्री. संध्याकाळी शाबूत असलेले फळ पहाटे कुरतडलेले सापडले, तर खारीवर आळ घेण्यात अर्थ नाही. पानांना वेडीवाकडी भोके आणि जवळपास वाळलेला, चकाकणारा माग दिसला की ती गोगलगाय समजावी. रात्री टॉर्च घेऊन पाहिले तर ती प्रत्यक्षच सापडते.

कुंपणाची मापे प्राण्यानुसार बदलतात. सशासाठी 60 ते 90 सेंमी. उंचीची तारेची जाळी पुरते, मात्र तिचे घर 2.5 सेंमी.पेक्षा मोठे नसावे. खालची कड निदान 15 सेंमी. जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी. ससा कुंपणाच्या पायथ्याशीच उकरू लागतो आणि तेथेच जाळी आडवी येते. हरीण अडवायला सुमारे 2.4 मी. उंची लागते. तेवढे शक्य नसेल तर थोडे अंतर ठेवून दोन ठेंगणी कुंपणे घालतात, कारण पलीकडे पाय टेकायला जागा दिसली नाही तर हरीण उडी घ्यायला कचरते. उंदीर प्लॅस्टिकची जाळी सहज कुरतडतो. त्याच्यासाठी सुमारे 6 मिमी. घराची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळीच हवी.

पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळीकडे मात्र फारसे कोणी काळजीने पाहत नाही. मोठ्या घरांची पातळ नायलॉनची जाळी रोपांवर नुसती टाकून दिली, तर तिच्यात पक्षी, वटवाघळे आणि साप अडकून तडफडत मरतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2021 पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे घर ताणलेल्या स्थितीत 5 मिमी.पेक्षा मोठे नसावे असे बंधन घातले आहे. घरच्या घरी तपासायचे तर जाळीतून बोट आरपार जाता कामा नये. जाळी पाइपच्या कमानींवर ताणून बसवावी, तिच्या कडा जमिनीशी दाबून टाकाव्यात आणि रोज एकदा नजर टाकावी. काकडी, भोपळा यांसारख्या वेलींना मधमाश्या लागतात, म्हणून फुलोऱ्यात त्यांच्यावरची जाळी सकाळी उघडावी. नाहीतर नरफुल तोडून त्याचे पराग मादीफुलाला हाताने लावावेत. टोमॅटो, मिरची, घेवडा यांचे स्वपरागण होत असल्याने ही अडचण येत नाही.

मिरचीच्या पाण्याची फवारणी खार आणि ससा यांना काही काळ दूर ठेवते, पक्ष्यांना नाही. मिरचीतील कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) डिवचते, तिची पक्ष्यांमधील घडण वेगळी असते. त्यामुळे त्यांना तिखट लागतच नाही. पाऊस पडला किंवा नवी पालवी फुटली की फवारणी पुन्हा करावी लागते. बुजगावणे, चकाकत्या फिती, जुन्या सीडी यांचा धाक थोडेच दिवस टिकतो. जागा सारखी बदलत राहिली आणि फळ पिकण्याच्या ऐन दिवसांतच त्या लावल्या, तर बरा उपयोग होतो.

गोगलगाईंसाठी तांब्याची पट्टी, अंड्याची टरफले, जाड वाळू असे उपाय सर्रास सांगितले जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मात्र अशा अडथळ्यांनी लेट्यूसचे नुकसान कमी झाले नाही. त्यापेक्षा रात्री हाताने वेचणे आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालणे चांगले. गोगलगाई मारण्यासाठी टाकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या पक्षी आणि इतर वन्यप्राण्यांनाही घातक ठरतात. ब्रिटनमध्ये 2022 पासून त्यांच्या उघड्यावरील वापरावर बंदी आहे. उंदरांच्या विषाचेही तसेच आहे. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन हिंडतो. त्याला घुबडाने उचलले तर ते विष घुबडाच्या अंगात जाते. ज्या घुबडाने फुकटात उंदीर कमी केले असते, तेच बागेतून नाहीसे होते. असे विष परसात वापरूच नये.

एक उपाय कोणत्याही सामानाशिवाय होतो. टोमॅटोवर पहिली गुलाबी झाक दिसली की तो तोडून घरात ठेवावा. या टप्प्यानंतर तो वेलापासून वेगळा होऊनही नीट पिकतो आणि चवीत फारसा फरक पडत नाही. पक्षी आणि खारी बहुधा पूर्ण रंगलेल्या फळावर येतात, तोवर फळ स्वयंपाकघरात पोचलेले असते. खाली गळलेली, फुटलेली फळेही त्याच फेरीत उचलावीत, कारण त्यांच्या वासाने उंदीर वाफ्यापर्यंत येतो.