ठिगळाच्या शेजारची सळई

दर पावसाळ्यात ही बातमी येतेच. वाशीत, नेरूळला, नाहीतर ठाण्याच्या वर्तकनगरात, एखाद्या जुन्या वसाहतीत रात्री स्लॅबचं प्लास्टर कोसळलं, घरातले थोडक्यात बचावले. मग दोन वाक्यं ठरलेली: ‘खाडीची खारी हवा हो!’ आणि ‘पाडा आता, टॉवर बांधा.’ पहिलं अर्धंच खरं आहे. दुसऱ्याबद्दल पुढे बोलू.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी नवी मुंबईत चार-चार मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. काँक्रीट बांधकामाच्या १९७८ च्या आयएस ४५६ या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं कवच किमान १५ मिमी असलं की चालत असे. अंगठ्याच्या नखाची रुंदी म्हणा. सगळं नाटक या १५ मिमीत घडतं.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीतून फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं? तोच प्रयोग तुमच्या छतात चाळीस वर्षं चालू आहे. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना विरलेला चुना तयार होतो. त्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी जागी लोखंडावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बसतो आणि गंज थांबतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो, चुन्याची पुन्हा चुनखडी करतो, सामू ९ च्या खाली येतो आणि पापुद्रा विरघळतो. खाडीकडून आलेले मिठातले क्लोराइड तर सामू उतरायचीही वाट पाहत नाहीत. ते पापुद्र्याला थेट भोकं पाडतात.

कार्बन डायऑक्साइडची ही चाल काळाच्या वर्गमुळाप्रमाणे पुढे सरकते. १० मिमी आत यायला ५ वर्षं लागली असतील तर २० मिमीला २० लागतील, ३० मिमीला ४५. म्हणजे कवच दुप्पट असतं तर सवड चौपट मिळाली असती! छिद्रं पाण्याने भरली की वायूला वाट मिळत नाही, म्हणून आपल्याकडे कोरड्या महिन्यांत चुना संपतो आणि पावसाळ्यात, किंवा वरच्या मजल्याची मोरी गळते तिथे बारमाही, सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. स्लॅब फुगतो, भेगा पडतात, खपली सुटते.

आता माझ्या आवडीचा भाग. गंजणारी सळई म्हणजे एक बॅटरी. एका जागी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडतं. ते सळईतूनच दुसरीकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना उचलतात. पहिली जागा ॲनोड, दुसरी कॅथोड. गंमत अशी की ॲनोड स्वतः झिजून शेजारच्या लोखंडाला वाचवत असतो. गवंडी येतो, फुगलेला भाग फोडतो, ताजा मसाला भरतो. त्या ठिगळातली सळई आता सुरक्षित, म्हणजेच कॅथोड. पण कडेच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड तसेच आहेत, आणि तिथल्या सळईचा रक्षक गेला. दोन-चार पावसाळ्यांत ठिगळाभोवती नवं कडं फुगतं आणि लोक म्हणतात, ‘काम बोगस केलं.’ कधी केलेलंही असतं. उपाय जुनाच आहे: जहाजाच्या तळाला लावतात तसे जस्ताचे तुकडे ठिगळाच्या कडेने सळईला बांधायचे. आधी जस्त झिजतं.

आमच्या सोसायटीत एकांनी संडास नैर्ऋत्येला असल्यामुळे स्लॅब फुगतो असं ठरवून चौकटीवर तांब्याची पट्टी ठोकून घेतली. तांबं ओल्या लोखंडाला टेकलं तर गंज उलट वाढतो. नशीब, चौकट लाकडाची होती.

आता ते ‘पाडा’. सळई फारच झिजली असेल तर पाडायलाच हवं, जीव मोठा आहे. पण एक टन क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करतात ते भट्टीतले खडे, बनवताना नुसत्या चुनखडीतूनच साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. तेव्हा धड इमारत पाडून बांधलेल्या टॉवरच्या जाहिरातीतलं ‘हरित’ मला पचत नाही. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीतली ५३० सार्वजनिक घरं न पाडता, रहिवाशांना तिथेच ठेवून सुधारली. ते काम करणाऱ्यांपैकी लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांना वास्तुकलेचा २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

पाडायचं की राखायचं हे ठरवताना इमारतीचं ऑडिट करणाऱ्याला फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारायला सांगा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर जिथे गुलाबी रंग येतो तिथे चुना शिल्लक आहे. आमच्या जिन्यात गुलाबी रंग सुरू झाला तीन सेंटिमीटर आत. सळई होती दोनवर. आणि दुरुस्ती चालू असताना एकदा शिडीवर चढून बघा. सळईच्या मागे बोट जाईल एवढं काँक्रीट फोडलंय का? फक्त पुढून खरवडून रंग मारला असेल, तर बिल अडवा.