आशांती राज्यात ‘चीफ’ व्हायचंय? आधी हे वाचा

घानातल्या आशांती राज्यात (पारंपरिक राजेशाही, राजधानी कुमासी) चीफ म्हणजे पारंपरिक प्रमुखाचं मानाचं पद मिळवायला ऑनलाइन फॉर्म नाही. कोणी ‘फी भरा, चीफ बना’ म्हणत मेसेज करत असेल तर सरळ ब्लॉक करा.

पदं दोन प्रकारची आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात. खरा चीफ म्हणजे घानाच्या १९९२ च्या घटनेतल्या कलम २७७ मध्ये बसणारा, योग्य घराण्यातला, रीतसर निवडलेला आणि रूढीप्रमाणे गादीवर बसवलेला. गादी म्हणजे इथे कोरीव लाकडी स्टूल. घराणं आईकडून मोजतात, त्यामुळे बाप राजा असला तरी पोराचा नंबर लागेलच असं नाही, भाच्याचा लागू शकतो. नाव सुचवते ओहेमा म्हणजे राणीमाता, मग मानकरी ठरवतात. देशद्रोह, फसवणूक असल्या गुन्ह्यात शिक्षा झालेला बाद, आणि चीफ झाल्यावर पक्षीय राजकारण बंद, निवडणूक लढवायची तर आधी पद सोडा. कागदपत्रं म्हणाल तर चीफटन्सी डिक्लरेशन फॉर्म भरून नॅशनल हाऊस ऑफ चीफ्सच्या (देशभरातल्या चीफ लोकांची संस्था) रजिस्टरमध्ये नाव चढवावं लागतं, नाहीतर सरकारदरबारी तुम्ही चीफ नाहीच.

दुसरं पद न्कोसुओहेने, म्हणजे विकासाचा चीफ. हे १९८५ च्या सुमारास तेव्हाचे आसांतेहेने (म्हणजे आशांतींचे राजे) ओपोकू वारे दुसरे यांनी सुरू केलं. इथे घराण्याची अट नाही, परदेशी माणसालाही मिळतं, पण त्या भागातल्या चीफने आणि वडीलधाऱ्यांनी स्वतःहून ठरवलं तरच, आणि ते ठरवतात तुमचं काम बघून. शाळा, विहीर, दवाखाना. पद मिळाल्यावर काम थांबवलं तर लोक नाव ठेवणारच, त्यामुळे नुसत्या फोटोसाठी हो म्हणू नका.

भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, श्नॅप्सची (एक कडक दारू) बाटली न्यायची (ही खरंच रीत आहे, लाच नव्हे). चीफशी थेट बोलायचं नाही, मध्ये ओक्येआमे म्हणजे राजाचा प्रवक्ता असतो, त्याच्यामार्फत बोलणं होतं. समोर जाताना चपला काढायच्या, अंगावर तिथलं पारंपरिक वस्त्र असेल तर खांद्यावरून खाली सरकवायचं. पद देताना नवीन नाव, वस्त्र, शपथ असं सगळं होतं.

आणि हो, या मानाच्या पदाने घानाचं नागरिकत्व मिळत नाही, व्हिसा वेगळा काढावाच लागतो.