भाव वाढला की फुगला?

"थांबू नका, भाव वाढतोच आहे." जळगावच्या सराफ बाजारात हे ऐकू येतं आणि गावाबाहेरच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर दोरी धरून उभ्या असलेल्या दलालाकडूनही. वाक्य एकच, पण वाढीच्या जाती दोन. एकीत रुपया झिजतो, दुसरीत वस्तू फुगते. पहिली महागाई, दुसरा फुगा (पुस्तकात बुडबुडा म्हणतात). आपण दोघींना 'भाववाढ' या एकाच पोत्यात भरतो आणि पैसे गुंतवताना तिथेच गंडतो.

महागाई ओळखायला सोपी. चहा, दूध, मजुरी, सगळंच हळूहळू चढतं आणि चढलेलं सहसा खाली येत नाही. मुक्त बाजाराचे (सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये म्हणणारे) अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६३ साली मुंबईत येऊन हेच मांडलं होतं: उत्पादनापेक्षा पैसा भराभर वाढला की महागाई येते, व्यापाऱ्याला शिव्या देऊन ती जात नाही. आमची आजी अहिराणीत तेच सांगायची, "सोनं महाग नही व्हयनं, रुपया बारीक व्हयना." तिने फ्रीडमन वाचला नव्हता.

फुग्याचं मात्र तसं नाही. तो एखाद्याच वस्तूत भरतो, बाकी बाजार थंड असला तरी. प्लॉटचंच बघा. एक जण इसार देऊन सौदा पावती करतो. खरेदीखताची मुदत यायच्या आत तीच पावती दुसऱ्याला चढ्या भावाने देतो, दुसरा तिसऱ्याला. घर बांधायचं कुणालाच नसतं. भाव चढतो तो पुढचा घेणारा मिळेल या भरवशावर, आणि त्या भरवशाला खतपाणी घालतं स्वस्त कर्ज.

इथे मुक्त बाजारवाल्या अर्थतज्ज्ञांचा दुसरा गट बोलतो, ऑस्ट्रियन विचाराचा. लुडविग फॉन मिझेस यांनी १९१२ मध्ये मांडणी सुरू केली, फ्रिडरिख हायेक यांनी ती पुढे नेली आणि १९७४ चं नोबेल मिळवलं. त्यांचं म्हणणं रावेर-यावलच्या केळीवाल्याला चटकन कळेल. केळीला जवळजवळ वर्षभर पाणी लागतं, म्हणून विहिरीला किती पाणी आहे ते बघूनच शेतकरी किती खोडं लावायची ते ठरवतो. आता समजा, रात्रीतून कुणी विहिरीत टँकर ओतला. सकाळी पातळी वर दिसते, शेतकऱ्याला झरा फुटला असं वाटतं, तो दुप्पट लागवड करतो. वैशाखात मोटार हवा ओढते आणि अर्धी बाग वाळते. व्याजदर म्हणजे त्या विहिरीची पातळी: लोकांनी खरोखर किती बचत केली आहे, हे तो सांगतो. मध्यवर्ती बँकेने (आपल्याकडे रिझर्व्ह बँक) तो मुद्दाम खाली दाबला, तर नसलेली बचत आहे असं भासतं आणि लांब पल्ल्याची कामं, इमारती, प्लॉट पाडणं, जोरात निघतात. हायेकच्या मते बाग वाळते तेव्हा उन्हाळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. चूक लागवडीच्या दिवशीच झालेली असते.

अमेरिकेत तिथल्या मध्यवर्ती बँकेने २००३ च्या जूनपर्यंत व्याजदर १ टक्क्यावर आणला होता, तो २००६ पर्यंत ५.२५ वर गेला, घरांचा बाजार कोसळला आणि सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली. हायेकचे अनुयायी हा दाखला दर वेळी काढतात. मला तो पटतो, पण एकट्या व्याजदरावर सगळं ढकलणं मला जरा जास्त वाटतं. कर्जदाराची ऐपत न बघता कर्ज वाटणाऱ्यांनाही त्यात हात धुता आले. शिवाय मुक्त बाजाराच्याच घरातले युजीन फामा (२०१३ चे नोबेल मानकरी) विचारतात की फुगा फुटायच्या आधी ओळखता येतो हे कशावरून? प्रश्न बोचरा आहे.

सोन्यापाशी दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. २००० साली दहा ग्रॅम साडेचार हजारांच्या आसपास होतं, एप्रिल २०२५ मध्ये त्याने लाख गाठला. म्हणजे बावीसपट. दूध किंवा मजुरी बावीसपट झालेली नाही, तेव्हा ही सगळी वाढ रुपयाच्या झिजेची म्हणता येत नाही. आजीचं वाक्य इथे अपुरं पडतं. जानेवारी १९८० मध्ये जगात सोनं औंसाला ८५० डॉलरला गेलं होतं. त्या दिवशी घेणाऱ्याला तोच आकडा पुन्हा बघायला २००८ उजाडलं, आणि मधल्या काळात डॉलरही झिजला तो वेगळाच.

अमळनेरची गोष्ट तर एकाच शेअरच्या कागदात खरी वाढ आणि फुगा दोन्ही दाखवते. विप्रोचा जन्म १९४५ सालचा, तिथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. गावातल्या ज्यांनी शेअर घेऊन ट्रंकेत ठेवले, त्यांच्या पुढच्या पिढ्या धनवान झाल्या, कारण कंपनीचा नफाच वाढत गेला. फेब्रुवारी २००० मध्ये मात्र तो शेअर तंत्रज्ञानाच्या लाटेत वेड्यासारखा चढला आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक उतरला. त्या महिन्यात घेणाऱ्यालाही विप्रोच मिळाली होती, फक्त भाव लाटेचा होता.

  

मी स्वतः प्लॉट बघायला गेलो की एवढंच विचारतो: हा भाडं किंवा पीक काय देतो, आणि शेजारचे तीन प्लॉट कर्जावर घेतलेत की रोखीने? दलाल विषय बदलतो, ते उत्तरच असतं.

मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर दहाचा झालेला चहा त्यानंतर सातचा झाला नाही. प्लॉटवाला मात्र, जो आधी फोन उचलत नव्हता, तो आता स्वतःहून फोन करायला लागला.